घरच्या कॉम्प्युटरवरचे फोटो: कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं? वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये फोटोंबद्दलचेच प्रश्न जास्त होते, म्हणून अख्खा कॉलम त्यालाच देतोय. बहुतेकांनी विचारलंय ते एडिटिंगबद्दल, म्हणजे फोटो उजळ कसा करायचा, मागची माणसं कशी काढायची. माझं म्हणणं असं की घरच्या माणसाने आधी फोटो लावायचं सॉफ्टवेअर निवडावं, एडिटिंगचं नंतर. चांगला फोटो सापडलाच नाही तर त्याला उजळ करून करणार काय. आणि निवडताना एकच गोष्ट बघा, तुम्ही घातलेली नावं, तारखा, केलेली मेहनत ते सॉफ्टवेअर फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवतं की स्वतःजवळच दडवून ठेवतं. ते उद्या बंद पडलं तर तुमच्या हातात काय राहणार हे त्यावरच ठरतं. पहिला प्रश्न नेमका तोच आहे.

प्रश्न: मी मिरजेला असतो, शाळेतून रिटायर झालोय. घरी विंडोजचा कॉम्प्युटर आहे, त्यात 2004 पासूनचे फोटो आहेत, आधी डिजिटल कॅमेऱ्यातले मग मोबाइलचे, सगळे डी ड्राइव्हवर कसेही पडलेत आणि एकच फोटो चार ठिकाणी आहे. इतकी वर्षं फोटो लावायला गूगलचं पिकासा वापरतोय, अजून चालतंय, पण मुलगा म्हणतो नवीन कॉम्प्युटर घेतला की ते मिळणार नाही. त्यात मी सगळ्या नातेवाइकांच्या चेहऱ्यांना नावं दिलीत, फार मेहनत आहे हो त्यामागे. तसंच सोपं दुसरं काही आहे का? फुकट असलं तर उत्तम.

उत्तर: काका, मुलगा बरोबर सांगतोय. गूगलने मार्च 2016 मध्ये पिकासा बंद केलं. ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांचं चालत राहतं पण सुधारणा बंद आणि गूगलकडून डाउनलोडही मिळत नाही. दुसऱ्या कुठल्यातरी साइटवर मिळतं म्हणतात, तिकडे जाऊच नका. जुनं मशीन चालू आहे तोवर दोन कामं मात्र उरकून घ्या, आणि त्याच्याही आधी सगळे फोटो एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करून ती डिस्क कपाटात ठेवा.

पहिलं काम म्हणजे तुम्ही केलेलं एडिटिंग. पिकासात आपण फोटो कापला, उजळ केला तरी मूळ फाइलला ते हात लावत नाही, फोल्डरमधल्या एका छोट्या लपलेल्या फाइलमध्ये फक्त नोंद करून ठेवतं. म्हणून तोच फोटो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला की जसाच्या तसा जुना दिसतो आणि माणूस घाबरतो की माझं सगळं गेलं. तर ज्या फोटोंवर तुम्ही काम केलंय ते पिकासातच सेव्ह करा, मग बदल फोटोत उतरतात. मूळ फोटो त्याच फोल्डरच्या आत पिकासाओरिजिनल्स नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जातो, तो साफसफाई करताना उडवू नका, तुमचा अस्सल फोटो तोच आहे.

दुसरं काम नावांचं. पिकासाच्या 3.9 व्हर्जनमध्ये टूल्स, मग ऑप्शन्स, त्यात नेम टॅग्ज असा भाग आहे, तिथे नावं फोटोतच साठवायची म्हणून टिक करायची जागा आहे, ती करा. आधी दिलेल्या नावांसाठी टूल्समध्येच एक्सपेरिमेंटल म्हणून मेनू आहे, त्यात चेहरे एक्सएमपीमध्ये लिहा असा पर्याय आहे. एक्सएमपी म्हणजे फोटोच्या फाइलच्या आत माहिती लिहायची सगळ्यांनी मान्य केलेली पद्धत. हे केलं की नावं फोटोबरोबर कुठेही जातात. एकदम सगळ्यावर करू नका, आधी एखाद्या लग्नाच्या फोल्डरची कॉपी घेऊन तिच्यावर करून बघा.

आता नवीन काय घ्यायचं. मी तुम्हाला डिजिकॅम सांगेन. पूर्ण फुकट आहे, जाहिराती नाहीत, जगभरातले स्वयंसेवक मिळून ते बनवतात, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. पिकासासारखे चेहरे ओळखतं, आणि हे ओळखण्याचं काम तुमच्याच कॉम्प्युटरवर होतं, फोटो कुठे बाहेर पाठवत नाही. पहिल्या वेळी चेहरे ओळखायला लागणाऱ्या मोठ्या फाइली ते इंटरनेटवरून उतरवून घेतं तेव्हा नेट चालू ठेवा. नावं मराठीत लिहिता येतात, सुमनमावशी, बापूकाका, अगदी नीट दिसतात आणि शोधल्यावर सापडतात.

सुरुवातीला ते विचारतं फोटो कुठे आहेत, तिथे डी ड्राइव्हवरचं फोटोंचं मुख्य फोल्डर दाखवा. मग सेटिंग्जमध्ये मेटाडेटा म्हणून भाग आहे त्यात टॅग, कॅप्शन, तारीख, चेहरे हे सगळं फोटोत लिहायला सांगा. ही टिक विसरली तर सगळी माहिती त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्येच राहते आणि दहा वर्षांनी पुन्हा आजचाच प्रश्न तुमच्यासमोर येईल, म्हणून इतकं बजावून सांगतोय.

एकच फोटो चार ठिकाणी असण्यावर त्यात चांगलं औषध आहे. टूल्समध्ये फाइंड डुप्लिकेट्स आहे, ते फोटोचं नाव न बघता चित्र बघून सारखे फोटो एकत्र दाखवतं. किती टक्के सारखेपणा हवा ते आपण ठरवायचं, सुरुवातीला आकडा वरच ठेवा नाहीतर ओळीने काढलेले वेगवेगळे फोटोही एकसारखे म्हणून दाखवेल. काय उडवायचं ते मात्र तुम्ही बघून ठरवा. साध्या सेटिंगवर व्हॉट्सॲपवरून आलेली कॉपी लहान असते, कॅमेऱ्यातली मोठी असते, मोठी ठेवा. व्हॉट्सॲपच्या फोटोत काढल्याची तारीखही नसते, ती गाळली जाते, फाइलच्या नावात जी तारीख दिसते, आयएमजी 20190314 डब्ल्यूए वगैरे, ती तुमच्याकडे आल्याची. आणि एक लक्षात असू द्या, डिजिकॅममध्ये डिलीट केलेले फोटो त्याच्या स्वतःच्या कचरापेटीत जातात, ती रिकामी करेपर्यंत डिस्कवर जागा होत नाही.

एडिटिंगही त्यातच आहे. फोटोवर जाऊन एफ 4 दाबलं की एडिटर उघडतो, आणि बदललेला फोटो ते नवीन नावाने ठेवतं, मूळ तसाच राहतो. हे मला फार आवडतं, नवशिक्याला धीर येतो की आपल्या हातून काही बिघडत नाही.

त्याचा दोष काय तर स्क्रीनवर बटणं फार आहेत, पहिल्यांदा बघून गोंधळायला होतं. डावीकडचे अल्बम, तारीख, माणसं एवढंच वापरा, बाकीच्याकडे बघूच नका. आणि मशीन जुनं असेल, 4 जीबी रॅमचं वगैरे, तर चेहरे शोधताना ते रडतखडत चालतं, रात्री लावून ठेवा. तेही जमत नसेल तर फास्टस्टोन इमेज व्ह्यूअर घ्या, घरगुती वापराला फुकट आहे, हलकं आहे, पण ते फक्त विंडोजवर चालतं आणि चेहऱ्यांचं काम त्यात नाही. मग फोल्डरच्या नावांवरच भिस्त. नाव असं द्या, 2019-05-12 सांगली मुंज, म्हणजे आधी वर्ष, महिना, दिवस आणि मग प्रसंग, की फोल्डर आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. न्यू फोल्डर, न्यू फोल्डर 2 असली नावं आजच बदलायला घ्या.

प्रश्न: आम्ही म्हापशाचे. आईकडे जुन्या अल्बममधले फोटो आहेत, काही ब्लॅक अँड व्हाइट, काही ऐंशीच्या आसपासचे कलर जे आता लालसर पडलेत. घरी प्रिंटर आहे त्याला स्कॅनर आहे. ते कॉम्प्युटरवर घ्यायचेत आणि थोडे नीट करायचेत. मला एडिटिंगचं काहीच येत नाही. हल्ली एआयवर टाकलं की जुना फोटो नवा करून देतात ते वापरू का?

उत्तर: ताई, फार चांगलं काम हाती घेताय आणि ते आई आहेत तोवर करताय हे आणखी चांगलं, कारण फोटोत कोण आहे हे सांगणारं माणूस समोर हवं.

स्कॅनर 600 डीपीआयवर, म्हणजे एका इंचात 600 ठिपके, असा ठेवा. पोस्टकार्डाएवढा, म्हणजे 4 बाय 6 इंचांचा फोटो त्यावर 2400 बाय 3600 पिक्सलचा येतो, तो दुप्पट मोठा छापला तरी चालतो. अगदी लहान फोटो असतील, पासपोर्ट साइजचे, तर 1200 घ्या. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप सुधारणा करायची टिक असते, ती काढून टाका, सुधारणा आपण नंतर करू. काच मऊ कोरड्या फडक्याने पुसत राहा, काचेवरचा एक केस पुढच्या सगळ्या फोटोंवर येतो आणि मग तो एकेका फोटोवरून काढत बसावा लागतो. अल्बमला गोंदाने चिकटलेले फोटो ओढून काढू नका, फाटतील. खिडकीजवळ बाजूने उजेड येईल असं ठेवून मोबाइलने वरून सरळ फोटो घ्या, फ्लॅश नको.

लालसर का झालेत तर त्या काळच्या कलर प्रिंटमध्ये तीन रंगांचे थर असत आणि त्यातला निळसर रंग, ज्याला सायन म्हणतात, तो बऱ्याच कागदांवर बाकीच्यांच्या आधी उडतो, मग उरतो तो तांबूसपणा. याला गिम्प चांगलं. ते फुकट आहे, फोटोशॉपच्या तोडीचं बरंचसं काम करतं. त्यात कलर्स, मग ऑटो, मग व्हाइट बॅलन्स एवढं एकदा करून बघा, बऱ्याच फोटोंना तेवढ्यानेच जीव येतो. जास्त झालं वाटलं तर कंट्रोल झेड. पांढरे ठिपके, चिरा घालवायला हीलिंगचं टूल आहे, एच दाबलं की येतं. कंट्रोल दाबून जवळच्या चांगल्या भागावर एकदा क्लिक करायचं, मग कंट्रोल सोडून डागावर लहान ब्रश फिरवायचा. भिंत, आकाश, साडीचा पदर यावरचे डाग असे झटक्यात जातात. चेहऱ्यावरचे मात्र जपून, एकेक ठिपका.

गिम्पमध्ये सगळे नवे लोक एका ठिकाणी अडतात ते सांगून ठेवतो. सेव्ह केलं की ते त्याच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात सेव्ह होतं आणि मग तो फोटो व्हॉट्सॲपवर पाठवता येत नाही. जेपीईजी हवा असेल तर फाइल मेनूत एक्सपोर्ट ॲज. आणि तोच जेपीईजी परत परत उघडून सेव्ह करत राहिलं तर दर वेळी थोडा खराब होतो, म्हणून मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याला हात लावू नका.

एआयबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चिरा काढणं, रंग सुधारणं इथपर्यंत हरकत नाही, पण चेहरा धूसर आहे म्हणून तो स्पष्ट करून मागितला तर ते यंत्र नसलेले डोळे, नसलेले दात, नसलेली कातडी स्वतःच्या मनाने भरतं. दिसायला एकदम झकास, पण ती तुमची आजी नसते हो, तिच्यासारखी दिसणारी कुणीतरी बाई असते. पुढच्या पिढीने आजीला पाहिलेलंच नाही, त्यांना तोच चेहरा खरा वाटणार. करायचंच असेल तर त्या फोटोच्या नावातच एआय लिहा आणि मूळ स्कॅन त्याच्या शेजारी ठेवा.

शेवटी तारीख. स्कॅन केलेल्या फोटोला कॉम्प्युटर आजची तारीख लावतो त्यामुळे आईच्या लग्नाचा फोटो या वर्षीच्या फोटोंत जाऊन बसतो. वर सांगितलेल्या डिजिकॅममध्ये तारीख बदलायची सोय आहे, ॲडजस्ट टाइम अँड डेट, पन्नास फोटो एकदम निवडून 1982 करता येतं. नक्की दिवस माहीत नसेल तर 1 जानेवारी टाका आणि कॅप्शनमध्ये लिहा, अंदाजे. प्रिंटच्या मागे काही लिहिलेलं असेल, स्टुडिओचा शिक्का, आजोबांचं अक्षर, तर ती बाजूही स्कॅन करा.

प्रश्न: बँकेच्या परीक्षांचे फॉर्म भरतोय. फोटो 20 ते 50 केबी, सही 10 ते 20 केबी मागतात. दर वेळी सायबर कॅफेत पैसे देतो. घरी साधा लॅपटॉप आहे. (परभणी)

उत्तर: इरफानव्ह्यू टाक. इरफान श्किल्यान नावाच्या माणसाने 1996 पासून चालवलेलं छोटंसं सॉफ्टवेअर आहे, घरगुती वापराला फुकट, कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर पळतं. फोटो उघड, माउसने चौकोन ओढून कंट्रोल वायने काप, कंट्रोल आरने पिक्सल ठरव, जाहिरातीत 200 बाय 230 म्हटलं असेल तर तेच आकडे टाक. आपला चौकोन त्या मापाचा नसेल तर चेहरा ताणला जातो, म्हणून कापतानाच नीट बघून काप. मग सेव्ह ॲज, जेपीजी, आणि शेजारी क्वालिटीची पट्टी येते ती कमी करत साइज बसव. सहीसाठी पांढरा कोरा कागद, काळं पेन, दिवसाच्या उजेडात फोटो. कुठल्याही ऑनलाइन वेबसाइटवर फोटो, सही आणि आधार टाकून साइज कमी करत बसू नकोस, ती तुझी सही आहे, ती कुणाच्या हातात जाते कळत नाही.

प्रश्न: कॉम्प्युटर दुरुस्तीवाला म्हणतो फोटोशॉप फुकट टाकून देतो, पाचशे रुपये द्या. मुलीला शिकायचंय. घ्यावं का? (नाशिक)

उत्तर: नका घेऊ. ते चोरीचं असतं हा एक मुद्दा झालाच, पण क्रॅक, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडणारा प्रोग्रॅम, चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात आणि त्याच वाटेने फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारे व्हायरस आत येतात. फोटो गेले की गेले. पाचशे रुपयांसाठी घरातले सगळे फोटो पणाला लावायचे नाहीत.

मुलीला शिकायचं असेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी आहे, फुकट, जाहिराती दिसतात तेवढ्या सोसायच्या. दिसायला जवळपास फोटोशॉपच, लेयर, मास्क सगळं आहे, त्यात हात बसला की पुढे कॉलेजात किंवा कामाच्या ठिकाणी फोटोशॉप मिळालं तरी अडत नाही. फोटो त्यांच्या सर्व्हरवर न जाता आपल्याच मशीनवर उघडतो हेही चांगलं. पैसे देऊनच घ्यायचं असेल तर ॲडोबीचं फोटोशॉप एलिमेंट्स हे नवशिक्यांसाठीच काढलेलं आहे, पायरीपायरीने शिकवतं, पण आता ते कायमचं मिळत नाही, तीन वर्षांचं लायसन्स असतं, घेण्याआधी हे लक्षात घ्या. आणि नुसतं कापणं, सरळ करणं, उजळ करणं एवढंच हवं असेल तर विंडोजमधलं फोटोज ॲप पुरतं, त्यासाठी काहीच टाकावं लागत नाही.

प्रश्न: मुलाचा आयफोन आहे, त्याचे फोटो माझ्या विंडोजवर उघडतच नाहीत. (ठाणे)

उत्तर: ते हाइक (HEIC) प्रकारचे आहेत, आयफोन 2017 पासून फोटो असेच साठवतो. ते उघडायला विंडोजच्या स्टोअरमधून हीफ (HEIF) इमेज एक्स्टेन्शन्स घ्या, फुकट आहे. तरीही नाही उघडले तर एक्सएनव्ह्यू एमपी (XnView MP) या फोटो बघायच्या सॉफ्टवेअरने सगळे एकदम जेपीईजी करून घेता येतील. मुलाला म्हणावं फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, तिथे मोस्ट कंपॅटिबल कर, म्हणजे पुढचे फोटो थेट जेपीईजीच निघतील.

प्रश्न: सगळे फोटो गूगल फोटोजवर जातातच ना आपोआप, मग कॉम्प्युटरवर कशाला ठेवायचे? हे सगळं जुन्या काळचं नाही का? (पुणे)

उत्तर: प्रश्न रास्त आहे. शोधायला गूगल फोटोजइतकं सोपं दुसरं काही नाही हे मीही मानतो, गणपती लिहिलं की गणपतीचे फोटो समोर. पण 1 जून 2021 पासून तिथली अमर्याद फुकट जागा बंद झाली, आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून 15 जीबी. ती भरली की पैसे भरा नाहीतर नवीन फोटो वर जाणं थांबतं, आणि मेल येणंही थांबतं. दुसरं म्हणजे तो आरसा आहे. फोनमधल्या गूगल फोटोजमध्ये डिलीट दाबलं की फोनमधून आणि वरून दोन्हीकडून जातो, दोन महिने ट्रॅशमध्ये राहतो आणि मग कायमचा. फक्त फोनमध्ये जागा करायची असेल तर फ्री अप स्पेस वापरायचं, ते फोनमधलीच कॉपी काढतं. पण तेही आधी वर बॅकअप झालाय ना हे बघून. विंडोजच्या वनड्राइव्हचंही तसंच, फुकटात 5 जीबी आणि तिथून उडवलं की कॉम्प्युटरवरूनही उडतं.

म्हणून गूगल असू दे, पण वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत म्हणा, गूगल टेकआउट, म्हणजे आपलं सगळं गूगलवरून उतरवून घ्यायची त्यांचीच सोय, तिथून सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. त्यात प्रत्येक फोटोबरोबर एक जेसन फाइल येते, कचरा समजून ती उडवू नका, तुम्ही गूगलवर दुरुस्त केलेली तारीख आणि लिहिलेलं कॅप्शन त्यात असतं. मग कॉम्प्युटरवरून बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक कॉपी, आणि दुसरी डिस्क भावाकडे किंवा लेकीकडे, दुसऱ्या घरात. पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू नका, तो नेआण करायला ठीक. डिस्क नुसती कपाटात ठेवून चालत नाही, सहा महिन्यांनी लावून चार फोल्डर उघडून बघा फोटो खरंच उघडतात का, आणि तिच्यावर स्टिकर लावून शेवटची कॉपी कधी केली ती तारीख लिहा.